आजोबांची पितळी कडी

१४ ऑगस्ट १९९५, सोमवार

हवा ओली. चादर तीन दिवस दोरीवर आहे, अजून हाताला गार लागते. कारखान्यात त्याहून वाईट. नावड्याला खाडीचं वारं थेट पत्र्याखालून आत येतं. तरी आजच्या अडीचशे काडतुसांत नापास फक्त चार. मागच्या पावसाळ्यात याच दिवसांत वीस-वीस निघायची. आप्पांना सांगितलं, खूश झाले. "यंदा लाखेचा हात नीट बसलाय." कागदी नळीवर लाखेचा पातळ थर देतो आम्ही, ओल लागू नये म्हणून. बाकी दुनिया प्लास्टिकवर गेली. आप्पा जाणार नाहीत.

दिवसभर कडी. आजोबांची पितळी कडी, हिच्यातून काडतूस सोडायचं, स्वतःच्या वजनाने खाली पडलं तर पास, अडकलं तर बाजूला. ओलीने फुगलेलं बंदुकीत शिरत नाही. हे काम बाहेरच्या माणसाला द्यायचं नाही, घरच्याच हाताने करायचं, आणि मग प्रत्येक खोक्यात चिठ्ठी: 'तपासले – वि.' वि. म्हणजे विष्णू, आप्पा, आमचे वडील. त्यांना दोन वर्षं धड दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनचं नाव काढलं की जेवणावरून उठतात. तेव्हापासून कडी माझ्याकडे. सही मात्र वि.च. दादाचा आग्रह: "गिऱ्हाईक आप्पांची सही बघून घेतं, नंदे. तुझी बघून कोण घेणार?" आता माझी वि. त्यांच्यापेक्षा बरी येते. त्यांना माहीत नाही.

बोटं शाईची. आमटीला वास आला वहिनीला. येऊ दे.

२० ऑगस्ट, रविवार

सुट्टी. आप्पांनी सकाळी चहाबरोबर पुन्हा सगळा इतिहास काढला. आजोबा साताऱ्याकडे संस्थानात बंदुका दुरुस्त करायचे, संस्थान गेलं, बंदुका राहिल्या. म्हणून काडतुसं भरायला घेतली. 'तुरा छाप', खोक्यावर कोंबड्याचा तुरा, तो आजीने काढलेला. एकेकाळी तितराची, सशाची, बदकाची वेगवेगळी निघायची. शिकारबंदी आली आणि बारीक छऱ्याचा माल एका वर्षात बसला. आता एकच, मोठ्या छऱ्याचं, रानडुकरासाठी, ते पण फक्त पीकसंरक्षणाचं लायसन असलेल्या शेतकऱ्यांना. म्हणजे सगळ्या कोकणात मिळून आमची चाळीसेक घरं. ती पण म्हाताऱ्यांची. त्यांची पोरं मुंबईला वॉचमन.

आप्पा सांगतात तेव्हा असं वाटतं, धंदा अजून वाढतोय.

२६ ऑगस्ट, शनिवार

हसनभाई आले. माणगावकडचे, आजोबांच्या वेळेपासूनचं घर. दरवर्षी येताना सुकट आणतात, आज नाही. चहा घेतला नाही. खोकं टेबलावर ठेवलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं.

संध्याकाळी मगरिबची नमाज झाल्यावर दोघं भाऊ शेतावर गेले. डुकरं भातात शिरलेली. पहिला बार लागला, पण जनावर मेलं नाही. "दुसरा आत जायनाच, आप्पा. अर्धा आत न अर्धा भायेर. मी अंगठ्यानं रेटतोय न डुक्कर शरीफवर."

शरीफ धाकटा. मांडी फाटली होती. हॉस्पिटलात पाय गुडघ्याच्या वरून काढला.

मग त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून आप्पांच्या हातात दिली. "पोलिसात नाय गेलो. फकत इचारायला आलो. ही सही तुमचीच ना?"

आप्पांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, पार नाकाला लागेपर्यंत. मी पॅकिंगच्या टेबलाशी उभी. तोंड उघडायला भरपूर वेळ होता. उघडलं नाही.

"हो," आप्पा म्हणाले. "माझीच."

दोन वर्षांत त्यांनी एक सही केलेली नाही.

हसनभाईंनी चिठ्ठी परत घेऊन खिशात घातली. मग म्हणाले, "मग माजीच बंदूक खराब असंल." आणि गेले. खोकं टेबलावरच राहिलं.

 

२७ ऑगस्ट, रविवार

दादाला पण तेच पाहिजे होतं. "ऐकलंस ना, तोच म्हणतोय बंदूक खराब. आजोबांच्या वेळची बंदूक, गंजली असेल नळी." खोक्यात तेवीस उरलीत. त्याच्यासमोर एकेक कडीतून सोडली. तेवीसच्या तेवीस पास. दादा म्हणाला, "झालं समाधान? टेन्शन घेऊ नको."

  आप्पांना सहीचं कधीपासून माहीत आहे? विचारायची हिंमत नाही.

३१ ऑगस्ट, गुरुवार

दीड दिवसाचा गणपती काल गेला. मखर काढताना माळ्यावर जुना टूलबॉक्स सापडला. आत मेणकागदात गुंडाळलेली पोलादी कडी. दादाने मुंबईतून आणली होती, पाचसहा वर्षं झाली. आप्पांनी तेव्हा हातात घेऊन परत दिली होती, "आमची काय वाईट आहे?"

आज कारखान्यात घेऊन गेले. हसनभाईंची तेवीस काडतुसं त्या कडीतून सोडली.

पंधरा अडकली.

पुन्हा केली. पंधरा.

मग पितळी कडी आणि पोलादी कडी एकावर एक धरून उजेडाकडे बघितलं. पितळेची आतून मोठी झालीय. चारी बाजूंनी नाही, एका अंगाला जास्त. लाखेचा हातबीत काही बसलेला नाही यंदा. नापास कमी निघत होती ती एवढ्यासाठी. आणि मी ते आकडे रोज संध्याकाळी आप्पांना कौतुकाने सांगत होते.

३१, नंतर

काडतुसांनी एवढी झिजणार नाही. काय ते जेवण झाल्यावर कळलं, हातात भांडं घासायचा चोथा होता. दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा. आदल्या दिवशी कडी चिंच आणि राखेने घासायची, आतून अंगठा फिरवून, सोन्यासारखी होईपर्यंत. आधी आजी घासायची, मग आई, गेली सतरा वर्षं मी. नवऱ्यामागे माहेरी आले त्या वर्षापासून. आप्पा म्हणायचे, नंदेइतकी कोणाची चकाकत नाही.

शरीफचा पाय मी घासून घालवला.

५ सप्टेंबर, मंगळवार

दादाशी भांडण. जून-जुलैचा माल हसनभाईंखेरीज चौदा घरांत गेलाय, ऑगस्टचा गोदामातच आहे. रजिस्टरमध्ये नावपत्ता आहे सगळ्यांचा. पत्र टाकून परत मागवू म्हटलं. दादा म्हणाला, लेखी दिलंस की संपलं, डिसेंबरात लायसन रिन्यू व्हायचंय, ते आप्पांच्या नावावर आहे, आपल्या नावावर कोणी करून देणार नाही. कामावरच्या पाच बायका घरी बसतील. "आणि आप्पांना काय सांगणार? बापाच्या कडीने माणूस पांगळा केला?"

मी म्हटलं, भात निसवतंय. दाणा भरला की रोज डुकरं येतात. चौदा घरांत चौदा शरीफ.

 दादा वाईट नाही. घाबरट आहे, मी पण आहे. शेवटी म्हणाला, "तुझ्या नावाने लिही. माझं घालू नको."

मशीन बंद. आप्पांना सांगितलं, लाख आली नाही. त्यांनी मान हलवली. वास तर येतो त्यांना, गोदामात दोन डबे उघडे आहेत.

९ सप्टेंबर, शनिवार

चौदा पोस्टकार्डं. मजकूर सारखाच: या खोक्यांतली काडतुसं वापरू नयेत, दोष आहे, परत पाठवावीत किंवा आमचा माणूस येऊन नेईल. खाली सही, सुनंदा. पूर्ण नाव. कित्येक वर्षांत कारखान्याच्या कागदावर माझं नाव पहिल्यांदा. विचित्र वाटलं.

हसनभाईंना कार्ड नाही, पत्र. चार पानं. त्यात सगळं. टाकलं पेटीत आणि तिथेच उभी राहिले. बसवाल्याला वाटलं मला बस पाहिजे.

२१ सप्टेंबर, गुरुवार

आज सगळ्या नवी मुंबईने गणपतीला दूध पाजलं. आमच्या कोपरखैरण्यात दूध संपलं, वहिनी रांगेत दोन तास. काशीबाई, आमच्याकडची नळ्या गुंडाळणारी, नावड्याचीच, तिसऱ्या प्रहरी कारखान्यात धावत आली. कामाला नाही, काम कुठंय. सांगायला. "ताय, मी सोताच्या डोल्यांनी बगितला. चमचा लावला न दूध गेला. तुमी पन जा, मागा कायतरी."

गेले नाही. काय मागू? पाय?

चौदापैकी सहा घरांची खोकी आली. दोघांनी कळवलं, विहिरीत टाकली. हसनभाईंकडून काही नाही.

२८ सप्टेंबर, गुरुवार

अजून तीन घरं. राहिली तीन.

हसनभाईंचं पत्र आलं. दुसऱ्याकडून लिहवून घेतलंय. एवढंच: पत्र पोचलं. शरीफला वाचून दाखवलं नाही. आप्पांना सलाम सांगा.

मी आप्पांना सलाम सांगितला. ते म्हणाले, "आणखी काय?" मी म्हटलं, काही नाही.

खोटं बोलायला मला आता प्रयत्न लागत नाही.

२ ऑक्टोबर, सोमवार. खंडेनवमी

गांधी जयंती आणि खंडेनवमी एका दिवशी. दादा म्हणाला, बापू पण काय करतील बिचारे.

पाटावर सगळं मांडलं: भरायचं हातमशीन, तराजू, आजोबांचा पेचकस. कडी पदराखाली घेऊन बसले होते. ठरवलं होतं की हरवली म्हणून सांगायचं. आप्पांनी हात पुढे केला. "आण."

दिली.

"घासली नाहीस."

"नाही."

त्यांनी ती अंगठ्यावर घेतली आणि फिरवली. सावकाश, पुन्हापुन्हा, एकाच जागी येऊन थांबायचे. दादा झेंडूचा हार सोडवत बसला, सुटलेला हार.

"किती गेली?"

"पोस्टकार्डाच्या जाडीएवढी."

"पुष्कळ झाली." मग कडी मुठीत धरून, "मला वाटलं, तुझा हात चुकला. म्हणून सही माझी म्हणालो."

म्हणजे सहीचं माहीत होतं. पहिल्यापासून. दुसऱ्याच महिन्यात कोणीतरी गिऱ्हाईक म्हणालं होतं, आप्पा, तुमचं अक्षर सुधारलं.

मी रडले. आप्पांनी कडीला हळदकुंकू लावलं, जागा चुकली, पाटाला लागलं. कडी बाकीच्या हत्यारांबरोबर ठेवायला लावली. मला ते आवडलं नाही. ठेवली.

९ ऑक्टोबर, सोमवार

राहिलेल्या तिघांपैकी एकाचं उत्तर. रोह्याकडचे पाटील. उतरवून ठेवते:

'आपले कार्ड मिळाले. ही सुनंदा कोण? आम्ही तीस वर्षे आप्पांच्या सहीचा माल वापरतो. खोक्यात त्यांची चिठ्ठी आहे, सही ओळखीची आहे. कोणीतरी धंद्यावर खार खाऊन हा खोडसाळपणा केलेला दिसतो. आप्पांना सावध करावे. माल उत्तम आहे, परत करणार नाही.'

दादाला दाखवलं. तो हसायला लागला, मग गॅलरीत जाऊन उभा राहिला.

मी स्वतः जाते म्हटलं. बुधवारी एसटीने. पाटलांकडे गेले तरी बाकीची दोन घरं डोंगरात, पत्ता म्हणजे नुसतं गावाचं नाव. आणि दारात उभं राहून काय सांगू? मी सुनंदा?

११ ऑक्टोबर, बुधवार

रोह्याला जाऊन आले. पाटील भेटले नाहीत, मुलाच्या घरी पुण्याला गेलेत, येतील चार दिवसांत. घरात सून. खोकं कपाटात, किल्ली मामंजींकडे. कामाचा गडी बंदूक वापरतो तेव्हा? म्हणाली, "पाचसहा गड्याकडे काडून ठेवल्यात." गडी शेतावर. शेत कुठंय विचारलं तर हात लांब केला.

भात पिवळं पडायला लागलंय. एसटीच्या खिडकीतून सगळीकडे तेच.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

आप्पांना पाटलांचं कार्ड वाचून दाखवलं. सगळं. 'आप्पांना सावध करावे' हे पण. दोनदा वाचायला लावलं.

मग म्हणाले, नवीन कार्डं आण, मी सही करतो. तिघांना, पुन्हा. मजकूर मी लिहिला, त्यात 'मी विष्णू स्वतः कळवतो' असं घातलं. पेन हातात दिलं, बोट धरून जागा दाखवली. त्यांनी जोर लावून वि काढला. वेलांटी कार्डाबाहेर, टेबलावर गेली. दुसरं कार्ड. त्यात नुसतं टिंब आणि ओरखडा.

"कसं आलंय?"

"बरं आहे."

"नंदे."

"नाही आलं, आप्पा. कोणी ओळखणार नाही."

पेन माझ्याकडे सरकवलं. "तू कर. तुझी ओळखतात."

केली. बिघडलेली दोन पुन्हा लिहिली आणि तिन्ही कार्डांवर वि., शेपटीसकट. शेवटच्या डाकेला नेऊन टाकली.

परत येताना डोक्यात एकच. पाटील कार्ड घेतील, कपाट उघडून खोक्यातली चिठ्ठी काढतील आणि दोन्ही सह्या जवळजवळ धरतील. सारख्याच दिसतील. एक म्हणते तपासलंय, वापरा. एक म्हणते वापरू नका. गड्याकडे पाचसहा आहेतच.

काशीबाई फाटकाशी उभी होती, काम कधी सुरू होतंय विचारायला. माहेराहून आलीय. म्हणाली, "भात पिवला झाला, ताय. डुकरं रोज येतान."