प्रशासकानं अडवलेली बाही

व्यंकट भावजींना लातूरमुक्कामी,

थोरल्या वहिनीचा, म्हणजे तुळजाबाईचा, डोक्यावर हात. माझी धाकली जाऊ सिंधू बरी हाय का? तुमचं पोट आत गेलं का अजून तुमच्या म्होरं म्होरंच चालतंय? इकडं मी ठणठणीत हाय. बिघडलंय ते तुम्ही दिवाळीत बसवून दिलेलं कंप्युटर. फोन लावला की "वहिनी, क्लासवर हाय" म्हणून ठेवता, म्हणून हे कागदावर. कागद काय कट करता येत न्हाई.

तर झालं असं, शेजारच्या शकिलाच्या इकराचा निकाह पुढल्या जुम्म्याला हाय. तिच्या कुर्त्याचं भरतकाम माझ्या मशीनवर चाललंय. डाव्या बाहीवर मोर असा झकास उतरला की आता वरडतो का काय. उजव्या बाहीच्या येळंला मशीन मुकं. कंप्युटर त्याला वळखच देईना (भाऊबंदावानी). मशीनवाल्या तय्यबला फोन लावला. तो म्हणला, "मौशी, रजिस्ट्री खोला, एक आकडा बदलायचाय." आता रजिस्ट्री शेताची ऱ्हाते, बाहीची कसली? तरी तो सांगंल तसं दाबत गेले. तर पडद्यावर आलं, "नोंदणी संपादन आपल्या प्रशासकाने अक्षम केले आहे." (वहिनीसाठी मराठी करून दिलं म्हणत होता तुम्ही, ते हेच का? तुमची आई तर असं बोलत नव्हती!) पुढं इचारावं तर रेंज गेली.

मग मी आन शकिलानं डोस्कं लावलं. नोंदणी म्हणजे जमिनीची. संपादन म्हणजे रस्त्यासाठी जमीन घेतात ते. प्रशासक तर आपल्या ग्रामपंचायतीवरच बसलेला, निवडणूक झाली न्हाई म्हणून वरून धाडलेला. मंगळवारी येतो, चहा पितो, जातो. अक्षम तेवढं कळंना. शकिला म्हणली, "वैनी, नवा तलाठी असंल, अक्षम नावाचा." निघालो कुर्ता घेऊन पंचायतीत. पारावरच्या लोकांनी आमच्या तोंडून "संपादन" एवढंच ऐकलं आन आम्ही पोचायच्या आत अर्धं गाव सातबारा घेऊन हजर! रामलिंगअण्णा तर "माझा वरचा तुकडा गेला वो" म्हणून खालीच बसले. (त्यांना वरचा तुकडा न्हाईच, तरी.) प्रशासकाला घाम फुटला. "मावशी, आईशपथ, मी आल्यापासून इथं काहीच केलेलं न्हाई!" मी म्हणलं, साहेब, ते गावाला माहीत हाय, बाहीचं बोला. शेवटी बिचाऱ्यानं शिक्का मारून लिहून दिलं, "सदर बाहीस या कार्यालयाची हरकत नाही." घरी येऊन तो कागद कंप्युटरच्या तोंडापुढं धरला. ढिम्म. उलटा धरून बी बघितला.

सांजच्याला रेंज आली. तय्यब हसून हसून बेजार. म्हणला, "मौशी, ज्यानं कंप्युटरला कुलूप लावलं तोच त्याचा प्रशासक." म्हंजी तुम्ही! माझ्या घरात, मला न इचारता, बिनविरोध!

इकरा म्हणून राहिली, "खाला, उजवा हात ओढणीखाली झाकून बसते, कोण बघतंय." म्हणताना डोळे भरलेले. माझ्या मांडीवर वाढलेली पोर हाय वो, एका बाहीनं कशी धाडू? तवा पासवर्ड का काय ते तातडीनं कळवा.

तुमची, कुलूपबंद
तुळजाबाई

ता.क. पासवर्ड कळवू नका. पत्राची घडी घालून राहिले तर तय्यब दारात. त्यानं पासवर्ड म्हणून काहीतरी चुकीचं टाकल्यावर खाली तुम्ही लिहिलेली खूण उमटली, "वहिनीचं नाव, जे वहिनीला माहीत नाही." भावजी, माझं माहेर कंधारचं, आन तुम्ही माघारी मला "कंधारची तोफ" म्हणता, हे सिंधूनं ती घरात आल्या वर्षीच सांगितलंय. टाकलं. उघडलं. तय्यबनं तो आकडा बदलला आन मशीन लागलं नाचायला. पण मोराचं पिसारा फुलवणं अर्ध्यात आलं आन सोनेरी दोरा संपला! इथं बिलोलीच्या बाजारात तसा रंग न्हाई. लातूरहून चार रिळं घ्या, सिंधूला संगं घ्या, आन जुम्म्याच्या आदल्या दिवशी इथं पाहिजेत. आता काम एवढंच ऱ्हायलंय.

आणखी एक. आता प्रशासक मी हाय. पासवर्ड बदललाय. खूण ठेवलीय, "सिंधू भावजींना माघारी काय म्हणते." बसा एस्टीत इचार करत. सिंधूला इचारू नका, ती हसंल, सांगणार न्हाई.