आरसेमहालातलं नाक

प्रिय बंधू एकार्ट यास,

धाकट्या रोस्विथाचा मनापासून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? इल्झेवहिनींनी तुझी बिअर बंद केल्याचं कळलं, म्हणजे वहिनींची तब्येत ठणठणीत असणार.

रविवारी मी ग्राउवाल्डेच्या राजवाड्यात जाऊन आले. (हो, आपल्याच. महायुद्धानंतर आपल्याला सिलेशियातून हाकलल्यावर ज्याच्या आरसेमहालात अकरा कुटुंबं मध्ये घोंगड्या टांगून सहा वर्षं राहिली, तोच.) आता तिथे तिकीट आहे, आणि लाकडी जमिनीवर ओरखडे उठू नयेत म्हणून बुटांवर जाड लोकरी सपाता चढवाव्या लागतात. माझी जोडी कुणा घोडेस्वाराच्या मापाची असावी. दारात पाऊल टाकलं ती घसरत थेट ड्यूकच्या तसबिरीपाशी जाऊन थांबले. बाकीची मंडळी मागाहून चालत आली.

गाइड ट्सीग्लरबाई, वयाने आपल्या नातीएवढी. तिच्या तोंडून ड्यूक झाले, कैसर झाला, कामगारांचं विश्रामगृह झालं, बर्लिनची भिंत पडली, संग्रहालय उघडलं. आणि आपण? फलकावर लिहिलंय, '१९४६ ते १९५२ : वापरात नाही.' वापरात नाही! आईने तिथे रोज बटाटे उकडले, शेजारच्या घोंगडीआड जुळी जन्मली, आणि म्हणे वापरात नाही. मी तिथेच ठरवलं, हा फलक बदलून घ्यायचा. तेवढ्यात तिने भिंतीवरचा सोनेरी देवदूत दाखवला आणि सांगितलं की त्याचं नाक नेपोलियनच्या शिपायाने गोळीने उडवलं. सगळे हळहळले.

"अहो बाई," मी म्हटलं, "ते नाक माझ्या भावाच्या चेंडूने गेलंय."

"पुरावा आहे का, आजी?"

"पुरावा कासेलला राहतो. गुडघे दुखतात त्याचे."

लोक हसले. ती मात्र मला बाजूला घेऊन गेली. नवे फलक वीस तारखेला छापायला जाणार. त्याआधी तिथे राहिलेल्या दोघांची लेखी साक्ष मिळाली, तरच आपली सहा वर्षं त्यावर येतील. (एकीची ती नुसती आठवण, दोघांचा तो इतिहास, असं त्यांचं कार्यालय धरून चालतं.) माझी साक्ष मी उभ्या उभ्या लिहून दिली. फलक बदलेपर्यंत त्या सपाता परत करणार नाही. (त्या चुकून घरी आल्या आहेत.)

तुझी,
रोस्विथा

ता. क. सोबत कागद जोडला आहे : 'आरसेमहालात राहत असताना देवदूताचे नाक मी फोडले.' खाली सही कर आणि उद्याच्या टपालाने पाठव.

आणखी एक. नाक मी फोडलं होतं, हे मला चांगलं आठवतं. पण मार तू खाल्लास, आणि अकरा कुटुंबांनी घोंगड्या बाजूला सारून तो पाहिला. इतकी भक्कम साक्ष मी कुठून आणू? सही निळ्या शाईने कर.