पानदानाच्या तळाचं नाव

भाऊ,

पितळी पानदान घेऊन मी जळगावला किंमत ठरवणाऱ्या व्हॅल्युअरकडे निघाले आहे. वाटणीसाठी कोर्टाला त्यांचा दाखला हवा, आणि वस्तू स्वतः पाहिल्याशिवाय ते सही करत नाहीत.

तू वाटणीच्या यादीत पानदान पप्पांचं म्हणून लिहिलंस. ते चंद्रकांता आत्याचं, तिच्या लग्नातलं. देवपूरला राहायला जाताना ती आपल्याकडे ठेवून गेली होती. तळाला तिचं नाव घातलेलं होतं. काल उलटं करून पाहिलं तर तिथे नुसते ओरखडे. व्हॅल्युअर म्हणतात, घासून काढलेलं नावही भिंगातून वाचता येतं.

चारला पोचेन. त्याआधी फोन कर. आत्याला अजून काही बोलले नाही.

चिठ्ठी उडू नये म्हणून वर धातू घासायची कानस ठेवली आहे. तुझ्याच खणातली.

जिनल