कॅप्टनचं थांबणं

मंगळवार, ता. १४

प्रिय दादा,

नमस्कार. आमचं बरं चाललंय. तुझ्या घरीही सगळे बरे असतील असं धरून चालते.

'दूरनौका' मालिकेचा नवा भाग येणार, त्यात मेलेला कॅप्टन परत येणार आणि तो बाबांच्याच आवाजात बोलणार, ही बातमी मला काल कळली. ती पक्की केलीस तू. 'जुने प्रवासी' या तुमच्या चाहत्यांच्या गटावर लिहिलंस, "बाबांशी स्वतः बोललो. त्यांचा होकार आहे." खाली अभिनंदनाचा पूर.

वर्तमानपत्रात माझ्या टेबलावर अशी बातमी आली, की मी बातमीदाराला विचारते, तो माणूस नेमकं काय म्हणाला? त्याचा शब्द सांग. तेच तुला विचारते.

तू फोन केलास तेव्हा मी बाबांची नखं कापत होते. फोन स्पीकरवर होता. तू म्हणालास, "स्टुडिओवाले जुन्या रेकॉर्डिंगवरून तुमचा आवाज तयार करणार आहेत. तुम्हाला काहीच करायचं नाही, नुसती सही. चालेल ना?" बाबा गप्प. तू हसलास. "कळलं, कळलं. कॅप्टन थांबला म्हणजे निघायचं," म्हणालास आणि फोन ठेवलास.

मी एक बोट संपवून दुसरं हातात घेतलं होतं, तेव्हा बाबांचा शब्द आला. "नको."

कॅप्टनच्या त्या थांबण्यावर तू काय काय लिहिलं आहेस. हुकूम देण्याआधी कॅप्टन क्षणभर गप्प राहतो, ते मूळ नटाचं कसब की आपल्या भाषेत आवाज देणाऱ्या बाबांचं? नव्या भागांवर वाढलेली पोरं म्हणायची, त्यात कंटाळा येतो. तू त्यांना सुनावलंस, "ज्यांना थांबता येत नाही, त्यांनी दुसरं काही बघावं." ते वाक्य अजून तुझ्या नावाखाली झळकतंय.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाबा प्रत्येक शब्दाआधी तसे थांबतात. मागच्या खेपेला आलास, तेव्हा त्यांचं एकही वाक्य तू त्यांना पुरं करू दिलं नाहीस. ते पाणी मागत होते, तू पंखा लावलास. वर मला म्हणालास, "बघ, मला बरोबर कळतं त्यांचं." ते गारठले होते. मी तू गेल्यावर पंखा बंद केला. तेव्हाच करायला हवा होता, पण तू इतका खुशीत होतास.

तुला परत फोन करून 'नको' म्हणाले असं सांगावं, हे मनात आलं होतं. मग वाटलं, आपणहून पुन्हा विचारील. मुलगा आहे.

त्याऐवजी काल त्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या त्याच फोन नाचवत. "काय काका, कॅप्टन परत येतोय म्हणे! आम्हाला बोलला नाहीत." बाबांना वाटलं, थट्टा करतायत. बाईंनी तुझा मजकूर वाचून दाखवला. कालचा सगळा तास मग एकाच गोष्टीत गेला. बाई म्हणाल्या, घाई नाही काका. आणि हळूहळू आलं. "मेला तो. चांगला... मेला."

दादा, कॅप्टन मरतो तो भाग बाबांना सगळ्यांत आवडायचा. तुझे 'जुने प्रवासी' ज्याला दगा म्हणतात, तोच. ते शेवटचं बोलणं त्यांनी एका दमात दिलं होतं, काचेपलीकडच्या माणसाने दुसऱ्यांदा मागितलंच नाही. तुझ्यासमोर मात्र ते हे कधी बोलले नाहीत. तो भाग लागला तेव्हा तुला मिसरूड फुटत होती आणि तू महिनाभर त्यांच्याशी अबोला धरलास, जणू कॅप्टनला बाबांनीच मारलं. तेव्हापासून बाबा तुझ्या मताला मान डोलवत आले. मीही.

आज मी स्टुडिओला फोन लावायला घेतला, तर बाबांनी मनगट धरलं. "मी... सांगतो... त्याला." त्याला म्हणजे तुला.

शनिवारी सकाळी स्टुडिओचा माणूस सहीसाठी येतोय. तूही येणार आणि गटासाठी फोटो काढणार असं वाचलं. ये. बाबांच्या समोरच खुर्ची ठेवते. तो माणूस विचारील, बाबा गप्प बसतील आणि तुझ्या ओठांवर त्यांचं उत्तर येईल. ते गिळ. फोनकडे बघू नकोस, पेन पुढे करू नकोस. सकाळपासून ते आरशासमोर तो एकच शब्द घोटतायत. बाई म्हणतात, शनिवारी स्पष्ट येईल. वेळ मात्र लागेल.

पत्राच्या शेवटी तुमचे आशीर्वाद लिहू का, असं आत्ताच बाबांना विचारलं. अजून थांबले आहेत. मी बसले आहे.

तुझी,
धाकटी