शुक्रवारची फुलपुडी

गजरा बंद केलास तर केलास, निदान तोंडाने सांगायचं होतंस. हे गेले, त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी तू नेहमीसारखी पहाटे आलीस, दाराच्या कडीला फुलपुडी अडकवलीस आणि हाक न मारता गेलीस. मी दोरा सोडला, केळीचं पान उघडलं, तर आत तगर, जास्वंद, दूर्वा, तुळस. देवाचं सगळं होतं. माझं काही नव्हतं. पान उलटं करूनसुद्धा बघितलं मी, म्हटलं खाली चिकटला असेल. लग्न होऊन तुझ्या दोन गल्ल्या पलीकडे आले तेव्हापासून एक शुक्रवार तुझा गजरा चुकला नव्हता. त्या दिवशी चुकला तो कायमचा.

आई, एवढ्या वर्षांनी तुला लिहितेय. माझी शाळा चौथीपर्यंत, अक्षर वाकडं येतं. तुला तर वाचायलाच येत नव्हतं, म्हणजे आपलं दोघींचं जमतं. सातासमुद्रापलीकडे, लेकाच्या घरी टौरंगाला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय. लेक फार्मसीत गेलाय, सून कामावर, घरात मी आणि फ्रिजची घरघर.

तुझं डोकं काय होतं गं. कुठल्या घरी सोमवारी बेल जास्त, कुठे मंगळवारी लाल फूल, कुठे नवी सून आली म्हणून एक गजरा वाढवायचा, सगळं तोंडपाठ. आणि कुठल्या घरचा गजरा कमी करायचा, तेही. मी तुझ्या शेजारी बसून फुलं निवडत असते, आठ-नऊ वर्षांची, आणि विचारते, कोपऱ्यावरच्या काकूंच्या पुडीत आज गजरा का नाही? तू माझ्या हातावर चापट मारतेस आणि म्हणतेस, "देठ सांभाळ, मोडतायत." बस्स, एवढंच. मला वाटलं, काकूंनी पैसे थकवले असतील. पुढे त्या काकू पांढऱ्या कपाळाने पाण्याला आल्या तेव्हा उमगलं. गल्लीत कोणाचं काय झालं, ते तुझ्या पुडीला आधी कळायचं. आणि वास घ्यायचा नाही हा तुझा दुसरा कायदा. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही. फुलांच्या ढिगात वाढले मी, पण श्वास तोंडाने घेत.

आता मुद्द्याचं. मागच्या माघात नातीबरोबर पुण्याला गेले होते, तिच्या लग्नाच्या साड्या घ्यायला. येताना विमान बदलायला मध्ये त्या वाळवंटातल्या शहरात दिवसभर थांबायचं होतं. नात म्हणाली, आज्जी, तुला फुलांची बाग दाखवते. मी म्हटलं, मला फुलं दाखवतेस? पण गेले. बाहेर वाळू, मोठाले रस्ते, झाडाचं पान नाही, आणि कुंपणाच्या आत फुलंच फुलं. फुलांचं घर, फुलांचा मोर, फुलांच्या कमानी. खाली वाळूत काळ्या नळ्या पुरलेल्या, त्यातून थेंब थेंब पाणी. लोक पाठ करून उभे राहतात, फोटो काढतात, पुढे जातात. मी म्हटलं, आता इथे कोणता देव बसलाय, आणि खाली वाकून चांगला नाक भरून वास घेतला. कशालाच वास नाही. सगळा जन्म तुझं ऐकलं आणि मोडायला गेले तर हे.

पाय दुखले म्हणून बाकावर बसले. कमानीखाली फुलं गळून पडली होती, ती ओच्यात घेतली. हाताला रिकामं बसता येत नाही, तूच लावलेली खोड. पदराच्या दशीचा दोरा ओढला आणि बांधायला लागले. फुलं कसली, ओल्या कागदासारखी, देठ आखूड, गाठ मारली की पाणी सोडतात. तेवढ्यात रखवालदार आला. आपल्याकडचाच, हिंदी बोलणारा. म्हणाला, अम्मा, तोडायची मनाई आहे. मी म्हटलं, तोडली नाहीत, पडलेली वेचलीत. तो नरमला. पूजेसाठी का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, पडलेलं फूल देवाला कसं चालेल, एवढं कळत नाही का तुला?

"फिर किसके लिए?" तो म्हणाला.

हातात बघितलं तर गजरा झालेला होता, आणि लांबी माझ्या अंबाड्याची. नातीचे केस तर मानेपर्यंत कापलेले. रखवालदार हसून गेला. नातीने मात्र सगळं बघितलं होतं. आमची नात मराठीत ऐकते आणि इंग्रजीत बोलते. म्हणाली, टर्न अराउंड, आज्जी. मी म्हटलं, आमच्यात नवरा गेल्यावर माळत नाहीत. त्यावर ती म्हणाली, "हू सेड?"

आई, मला वाटलं होतं माझ्याकडे उत्तर आहे. इतकी वर्षं पाळलं म्हणजे कोणीतरी सांगितलंच असणार. आठवत बसले. सासूबाई बोलल्या नाहीत. भटजी बोलले नाहीत. हे तर जायच्या आदल्या आठवड्यात माझ्यासाठी अबोली घेऊन आले होते. कोणीच काही बोललं नव्हतं. फक्त तुझी पुडी आली होती. तेवढ्यात तिनेच मागे येऊन तो माळला. कसातरी तिरका. बसमध्ये कोणी बघितलं नाही. विमानतळावर कडं काढायला लावलं, गजऱ्याला कोणी हात लावला नाही.

आता इथे वसंत आहे, म्हणजे तुझा भाद्रपद. आणि ऐक, इथे जाई तण आहे. हो, तण. कुंपणावर, ओढ्याकाठी, जिथे तिथे माजते, पांढरी शुभ्र, संध्याकाळी रस्ताभर वास. रविवारी लेकाने आमच्या कुंपणावरची उपटून कचऱ्याच्या डब्यात कोंबली. मी अख्खा वेल बाहेर ओढला. सून म्हणाली, आई, शेजारी बघतायत. म्हटलं, बघू देत, त्यांना येतात का गजरे करता? शनिवारी लग्न आहे. मुलगा इथलाच, गोरा, मला बघितलं की किया ओरा आज्जी म्हणतो, म्हणजे इथला नमस्कार, आणि वाकतो, पाठ दुखेपर्यंत. नातीने फर्मान काढलंय, सगळ्या बायकांना गजरे आज्जीने करायचे, आणि एक आज्जीने स्वतःला. नाही माळलास तर मीही नाही माळणार, असं म्हणते. नवरी बिनफुलाची उभी राहील, आणि बोल मला.

तू सवाष्ण गेलीस. तुला शेवटची वेणी वहिनीने माळली आणि मी भिंतीशी उभी होते. मला कोणी मागे सर म्हटलं नव्हतं. मी आपली आपणच सरले होते. म्हणून विचारतेय. त्या शुक्रवारी तू गजरा बांधलाच नव्हतास, की बांधून पुडीतून काढलास? लोकांना भ्यालीस, की तुला खरंच तसं वाटत होतं? दाराशी क्षणभर थांबली होतीस का? कडी वाजली आणि तुझ्या चपलांचा आवाज यायला उशीर लागला, एवढं मला आठवतं. मी आत जागीच होते.

हे कुठे टाकायचं नाही, मला ठाऊक आहे. साड्यांच्या खाली ठेवीन. गजरे बांधून ओल्या फडक्यात फ्रिजमध्ये ठेवलेत, दुधाला जाईचा वास लागलाय म्हणून लेक कुरकुरतो. माझाही त्यात आहे, कडेचा. आणखी एक सांगते आणि थांबते. बांधताना वास घेतला मी. प्रत्येक फुलाचा.

शनिवारी मी माळणार आहे, तुझं उत्तर येवो न येवो. पण द्यायचं आहेस. आणि तूच द्यायचंस. बाबांना पुढे करायचं नाही, आणि देवाला तर नाहीच.