ओळी कोण उसवतं ते मला ठाऊक आहे

ओस्ला,

सकाळच्या बोटीने लरविकला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते आहे. धक्क्यावर धावत येऊ नकोस. तुला बघून माझा पाय निघायचा नाही.

मी मेंढ्यांकडे गेले की तू माझ्या ओळी उसवून पुन्हा विणतेस, हे मला महिनाभरापासून ठाऊक आहे. निळा-हिरवा मला वेगळा दिसत नसेल, पण तुझे घट्ट टाके बोटांना लगेच कळतात. काल “किती सुबक झालंय गं, ताई!” म्हणालीस, तेव्हा सुई फेकून मारावीशी वाटली.

भाच्याच्या लग्नाचा स्वेटर आता तूच पुरा कर. आईचा विणताना बांधायचा कातडी पट्टा खुर्चीवर ठेवलाय. तोच कमरेला बांध आणि सुईचं मागचं टोक त्याच्या भोकात रोव, म्हणजे भार पट्ट्यावर जाईल, हात दुखणार नाही. सुया पोलादीच घे. तुझ्या त्या बांबूच्या सुयांवर दोन रंगांचे टाके अडकतात.

मी परवा येईन. तोवर निळ्या लोकरीच्या टोकाला गाठ मारून ठेव, मला हाताने ओळखता येईल. विणणं मी सोडणार नाही. यापुढे चुकलं तर तोंडावर सांग, भांडू आपण. डॉक्टर जे सांगतील तेही मी तुझ्यापासून लपवणार नाही.

रुबिना