कल्हई केलेलं यंत्र

गुरु., ४ एप्रिल

टक्-टक्, टकटक, टक्.

पाचोडच्या शाळेत गुरुजी टेबलावर लाकडी रूळ आपटून कवितेच्या मात्रा मोजायला लावत, तो आवाज. आज साठ-बासष्ट वर्षांनी कानावर आला. मी आरामखुर्चीत डोळे मिटून थेट चौथीच्या वर्गात. खिडकीत कडुनिंब, पुढच्या बाकावर सांडलेली शाई…

मग मुक्ता ओरडली, "आजोबा, गेला!"

आवाज तिच्या लॅपटॉपमधून येत होता. आतली चकती मरताना अशी टकटक करते म्हणे. हे यांचं यंत्र! धड मात्रेतसुद्धा मरता येत नाही. तिसऱ्या ठोक्यानंतर चुकलंच.

मु. ही माझी नात. चित्रांना हलायला लावते, त्याचं तिनं शिक्षण घेतलंय. पुण्याच्या कुठल्याशा स्टुडिओला दोन मिनिटांची फिल्म द्यायची आहे, ३० तारखेच्या आत. पसंत पडली तर नोकरी. नाही पडली तर तिच्या बापानं, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, शेंद्र्याला आपल्या कंपनीत तिची खुर्ची सांगून ठेवली आहे. खोकी किती आली, किती गेली, ते लिहायचं. जन्मभर.

फिल्म गुरुजींच्या टिटवीच्या कवितेवर आहे. ती कविता कुठंच छापलेली नाही. दुष्काळात त्यांनी स्वतः केली, आम्हाला म्हणायला लावली.

टिटवी बोले माळावर,
पाणी ठेवा पाळीवर,
उद्या येईल कुणीतरी,

चौथी ओळ आठवत नाही. शेवटचा शब्द ‘दारावर’, एवढंच. मु. म्हणते, आठवेपर्यंत शेवट रिकामा ठेवते. चौथी ओळ विसरणाऱ्यानं चकतीला नावं ठेवू नयेत. पण ठेवणार.

शनि., ६ एप्रिल

दुकान. काचेवर भगव्या अक्षरांत ‘नुतनीकृत संगणक’. नु ऱ्हस्व! नव्याची सुरुवातच चुकीची.

मु. दारातच दंडाला धरून, "आजोबा, आत गेल्यावर बोलायचं नाही हं."

बोललो.

दुकानदार पस्तिशीचा, मनगटावर टेबलघड्याळाएवढं घड्याळ. "काका, ते पेंटरनं केलं. तुमी मशीन बघा ना."

"म्हणजे सेकंड हँड."

"नाय नाय! सेकंड हँड म्हंजे आलं तसं विकलं. हे रिफर्बिश्ड हाय. खोललं, साफ केलं, बॅटरी नवी, रॅम डबल. ग्राफिक कार्ड तर असलं, की गेमवाले रडतेत. ताईंच्या कामाला लई भारी. नवं घ्यायला गेलात तर एक प्लॉट इकावा लागंल."

"होतं कोणाचं?"

"मुंबईहून लॉट येतो, काका. कंपनीचं असतंय. मान्साचं नसतंय."

माणसाचं नसतंय. वा.

आमच्या लहानपणी याला कल्हई म्हणत. काळं पडलेलं भांडं द्यायचं, नवसागराचा धूर निघायचा, भांडं चांदीसारखं होऊन यायचं. फरक इतकाच, की कल्हईवाला आपलंच भांडं आपल्याला परत द्यायचा.

घेतलं. हमी एका व्हिजिटिंग कार्डाच्या मागं लिहून मिळाली. ‘गॅरेंटी ३ महीने’. ही दीर्घ! ऱ्हस्व-दीर्घ या माणसाकडं आहेत, फक्त जागा बदलून.

रवि., ७ एप्रिल

यंत्र नीट पाहिलं. वरून चकाचक. पण दोन बटणांवरची अक्षरं पार झिजून गेलीत, बाकीची शाबूत. मु.ला विचारलं.

"कंट्रोल आणि झेड. दोन्ही एकदम दाबलं, की केलेलं मागं घेता येतं."

म्हणजे आधीचा धनी कोण होता ते कळलं. करायचं, मागं घ्यायचं, करायचं, मागं घ्यायचं. केस वाढवलेला कोणी उडाणटप्पू असणार, वडापाव खात खात चित्रं काढणारा. आमच्या वेळी पाटीवरचं पुसायलासुद्धा गुरुजींची परवानगी लागायची.

मंगळ., ९ एप्रिल. पाडवा

गुढीपाशी सूनबाईंनी यंत्राची पूजा केली. झाकणावर हळदीचं स्वस्तिक, वर साखरेची गाठी.

मु. किंचाळत धावली. "आई, कुंकू पंख्याच्या जाळीत जाईल!"

सूनबाई शांतपणे, "जाऊ दे. आत तरी सौभाग्य राहील."

चिरंजीव हसले. गुढीचा तांब्या मात्र कोरडा. नळ कालही आला नाही.

मंगळ., १६ एप्रिल

समोर नवी बारा मजली इमारत उभी राहिली. नाव इंग्रजीत, अर्थ ‘नदीचे दर्शन’. दर्शन देणारी नदी कुठली, ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. खाली टँकर रोज दोनदा येतो आणि मोटार लावून नदीच्या दर्शनाला वर पाणी चढवतो.

यंत्र जोरात चालायला लागलं, की त्याचा पंखा त्या टँकरच्या मोटारीसारखा घुरघुरतो. मु. म्हणते, पण काय चाललंय बघा! पाहिलं. टिटवी बदकासारखी चालत होती.

"ही टिटवी आहे की पाहुण्यांकडं निघालेली बाई? टिटवी चार पावलं धावते, थबकते, मान वर, पुन्हा चार पावलं."

"करून दाखवा ना."

या वयात बैठकीच्या खोलीत टिटवी झालो. धावलो, थबकलो, मान वर केली. मु.नं मोबाइलवर टिपलं. संध्याकाळपर्यंत पडद्यावरची टिटवी माझ्यासारखी धावत होती. डावा गुडघासुद्धा माझाच, किंचित आखडलेला.

बरी झाली आहे. मु.ला सांगितलं नाही. लगेच बिघडतात ही मुलं.

शनि., २० एप्रिल

सकाळी यंत्र उघडलं तर काळा पडदा. पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर. अर्थ असा: हे यंत्र हरवल्याची नोंद मालकानं केलेली आहे. मालक पी. व्ही. भालेराव. वाळूजजवळच्या बजाजनगरचा पत्ता. फोन नाही. खाली संकेतशब्द मागणारी रिकामी चौकट.

मालकानं तशी नोंद केली असली, की यंत्र कुठंही इंटरनेटला लागो, त्याला कुलूप पडतं म्हणे. काल रात्री मु.नं ते पहिल्यांदाच लावलं होतं. आणि दुकानदार म्हणे, माणसाचं नसतंय!

मु. जमिनीवर बसली. फिल्मचं पहिलं मिनिट पेनड्राइव्हवर आहे. दुसरं आत. टिटवीचं सगळं धावणं आत.

दहा दिवस.

रवि., २१ एप्रिल

दुकानदार म्हणाला, "नेटला लावलं असंल."

"मग काय उन्हाला लावायचं होतं?"

"गरम नका होऊ, काका. आपल्याकडं कुलूप तोडनारा मानूस हाय. पन आतलं सगळं साफ होईल. नायतर हे ठिवा, दुसरं न्या."

दोन्हीकडून फिल्म गेलीच. मी म्हणालो, "मालकाकडं जाऊ. सरळ."

मु.नं रस्त्यातच थांबवलं. "गेलो तर ते यंत्र काढून घेतील, आजोबा. आतलं न पुसता कुलूप काढणारा एक जण आहे, मैत्रिणीच्या ओळखीचा. तीसला फिल्म जाऊ दे. मग मी स्वतः नेऊन देईन यंत्र. शप्पथ."

चोरीच्या पेटीला चोरकिल्ली. आणि ती माझ्या नातीच्या हातात. तिचे डोळे सुजलेले होते.

सोम., २२ एप्रिल

कोणाला न सांगता पोस्टात गेलो. कार्ड टाकलं. नक्कल इथं ठेवतो:

‘श्री. पी. व्ही. भालेराव यांस सा. न. वि. वि. आपले यंत्र आमच्या ताब्यात आहे. ते सुस्थितीत आहे. संकेतशब्द त्वरित कळवावा, म्हणजे पुढील बोलणे करता येईल. तीस तारीख उलटल्यास आमचा इलाज नाही. कळावे.’

खाली पूर्ण नाव, पत्ता. मोजकी वाक्यं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. पत्रलेखनाला दहापैकी नऊ देणारे गुरुजी आज दहा देते.

गुरु., २५ एप्रिल

उत्तर नाही. कार्ड वाळूजच्या बाजूला जाईतो टपाल खातं मध्ये झोप काढत असेल.

आज चिरंजीवांनी टेबलावर ही वही उघडी पाहिली. आधी वाचली, मग मटकन खाली बसले.

"अण्णा, हे खंडणीचं पत्र आहे!"

"काहीतरीच. व्यावहारिक पत्र आहे."

"‘ताब्यात आहे, सुस्थितीत आहे, तीस तारीख उलटल्यास इलाज नाही.’ आणि खाली स्वतःचा पत्ता! असा खंडणीखोर जगात झाला नसेल." पोट धरून हसले. त्यांच्या लग्नानंतर त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

मु. हसली नाही. पांढरी पडली. "तुम्ही कळवलंत? मला न विचारता?" आत जाऊन दार लावून घेतलं.

पुन्हा वाचलं. ‘ताब्यात’ बदलता आलं असतं. टाकलेल्या कार्डाला कंट्रोल-झेड नसतं.

शनि., २७ एप्रिल

मैत्रिणीच्या ओळखीचा तो कुलूपवाला हात लावून गेला. यंत्राला नव्हे, कपाळाला.

मु. बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही. चिरंजीव आता हसत नाहीत. रात्रीच्या जेवणाला म्हणाले, "दोन तारखेला कंपनीच्या आठच्या बसला निघायचं, मुक्ता." तिनं मान हलवली.

दिवसभर चौथ्या ओळीमागं लागलो. चाल येते, रुळाचे ठोके येतात, शब्द येत नाहीत. आमचीही चकती.

सोम., २९ एप्रिल

दुपारी चार. वीज गेलेली, घंटी बंद. बाहेरच्या लोखंडी दारावर टक्-टक्.

पोलीस, असं धरून उठलो. सदऱ्याची बटणं लावली.

दारात एक बाई. माझ्याच वयाच्या, सुती पातळ, एका हातात काठी, दुसऱ्यात माझं कार्ड. कार्डावर ‘ताब्यात’भोवती लाल शाईचा गोल.

"हे आपणच लिहिलंत?"

"हो."

"‘सुस्थितीत’ तेवढं बरोबर लिहिलंय. बाकी सबंध पत्र चूक आहे. मी प्रमिला भालेराव. माझी मुलं म्हणाली, पोलिसात दे. मी म्हटलं, ‘सा. न. वि. वि.’ घालून धमकी देणारा माणूस आधी बघून तरी येऊ."

त्याच बोलत राहिल्या. मुलांच्या मासिकांतून चाळीस वर्षं चित्रं काढली. डोळे अधू झाले, तशा यंत्रावर मोठं करून काढायला शिकल्या.

"विकलेलं नाही हो मी. पंखा घुरघुरायचा म्हणून दुरुस्तीला दिलं होतं. आणायला गेले तर तिथं दुकानच नाही."

तोवर मु. आतून आली. यंत्र दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं, झाकणावर पाडव्याच्या हळदीचा डाग. न सांगताच तिनं ते पुढं केलं. बाईंनी झाकण उघडलं आणि न बघता अंगठा नेमका त्या झिजलेल्या बटणावर ठेवला.

"तू वापरतेस?"

"हो. माझी फिल्म आत आहे. उद्या द्यायची आहे. पण यंत्र तुमचं आहे."

"माझं आहेच. माझीही आठ महिन्यांची चित्रं होती त्यात. पुसली का गं त्यांनी?"

मु.च्या डोळ्यांत पाणी. "घेतलं तेव्हा काहीच नव्हतं."

खाली टँकरची मोटार सुरू झाली.

मग बाई म्हणाल्या, "काय केलंयस ते बघितल्याशिवाय मी संकेतशब्द घालणार नाही. आणि घातला तरी यंत्र ठेवून जाईन असं समजू नका." काठी दाराला टेकवली. "पण आधी पाणी द्या. दोन रिक्षा बदलून आले, घसा कोरडा पडलाय."

तांब्या-भांडं घ्यायला आत आलोय. माठात तळाशी आहे थोडं. हे ओट्यावर उभ्यानं लिहितोय, विसरेन म्हणून. त्यांना आत या म्हणायचंसुद्धा राहिलं. बाहेर काय ठरतंय, ऐकू येत नाही. पण मु.ला हाक मारून सांगायला हवं, ओळ आली:

तहान घेऊन दारावर.